सेवा बाहेरची, जबाबदारी घरची

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
नागरी सहकारी बँका, महाराष्ट्र राज्य

विषय: माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेरच्या पुरवठादाराकडे सोपविल्यानंतर बँकेकडे उरणाऱ्या जबाबदारीबाबत

महोदय, महोदया,

नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालात संगणकप्रणालीचा उल्लेख बहुधा नफा-तोटा पत्रकातील एका खर्चाच्या ओळीपुरता आणि मनोगतातील ‘अद्ययावत सेवा’ या शब्दांपुरता असतो. प्रत्यक्षात ठेवीदाराची प्रत्येक नोंद ज्या यंत्रणेतून जाते ती यंत्रणा लहान आणि मध्यम बँकांपैकी अनेकींच्या मालकीची नसते, त्यांच्या इमारतीत नसते आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या हाती तर नसतेच. सर्व शाखांची खाती एका ठिकाणी ठेवणारी कोअर बँकिंग प्रणाली, एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारे स्विच, यूपीआयची जोडणी, अगदी मुख्य कार्यालयातील संगणकांची देखभालही वार्षिक शुल्कावर बाहेरची कंपनी करते. अशा कंपनीला तंत्रज्ञानाच्या व्यवसायात व्यवस्थापित सेवा पुरवठादार म्हणतात आणि बँकेच्या रोजच्या बोलण्यात ती ‘व्हेंडर’ असते. सॉफ्टवेअर आणि डेटा सेंटर दोन्ही व्हेंडरचे, बँकेकडे फक्त पडदा, कळफलक आणि जोडणीची तार, अशी जी व्यवस्था असते तिला एएसपी पद्धत हे नाव रूढ झाले आहे.

लहान बँकांनी हा मार्ग धरला यात गैर काही नाही. स्वतःचे डेटा सेंटर, वेगळ्या भूकंपक्षेत्रातील आपत्कालीन केंद्र आणि चोवीस तास पहारा देणारे तज्ज्ञ यांचा खर्च दहा-पंधरा शाखांच्या बँकेला झेपणारा नव्हता, आजही नाही. परंतु या सोयीबरोबर एक गोष्ट आपोआप घडली आणि तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतील, वेगवेगळ्या प्रकृतीच्या शेकडो बँका एकाच व्हेंडरच्या सुरक्षिततेशी बांधल्या गेल्या. एका बँकेचा कारभार कितीही चोख असला तरी तिची सायबर सुरक्षा व्हेंडरच्या सर्वांत ढिल्या कडीइतकीच राहिली, आणि हल्लेखोरांच्या दृष्टीने पाहिले तर शेकडो दारे ठोठावण्यापेक्षा त्या सर्व दारांची चावी जिथे टांगलेली आहे तिथेच जाणे स्वस्त ठरू लागले.

हा धोका कागदावरचा नाही, हे ३१ जुलै २०२४ रोजी दिसून आले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि भारतीय स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी असलेली सी-एज टेक्नॉलॉजीज ही मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरविते. तिच्या काही प्रणालींवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून ती सोडविण्यासाठी खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा, हल्ला झाल्याचे समजताच देशातील किरकोळ पेमेंट यंत्रणा चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, अर्थात एनपीसीआयने, सी-एजची जोडणी तात्पुरती तोडली. निर्णय योग्यच होता, कारण संसर्ग पुढे पसरू न देणे हे एनपीसीआयचे पहिले कर्तव्य होते. मात्र त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमसारखे व्यवहार अडकले. देशाच्या एकूण पेमेंट व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे तेव्हाच्या वृत्तांत सांगितले गेले, आणि हा आकडा दिलासा देण्यासाठी वापरला गेला. ज्या गावात तीच एक बँक आहे आणि महिन्याचा शेवटचा दिवस आहे, तिथल्या खातेदाराला अर्ध्या टक्क्याच्या या हिशेबाचा काय उपयोग, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी, स्वतंत्र तपासणीनंतर, जोडणी पूर्ववत झाली. हल्ला सी-एजच्या डेटा सेंटरपुरता मर्यादित असून बँकांच्या स्वतःच्या यंत्रणांना धक्का लागलेला नाही, असेही जाहीर करण्यात आले.

संचालक मंडळांनी अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी बाब पुढची आहे. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्ल्याचा उगम सी-एजमध्येही नव्हता. तो तिच्याशी कामाने जोडलेल्या दुसऱ्याच एका कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमध्ये होता. जेन्किन्स हे सॉफ्टवेअरची जुळणी, चाचणी आणि वितरण आपोआप करून देणारे साधन आहे. बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरील फाइली वाचता याव्यात अशी त्यातील एक त्रुटी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली होती आणि तिच्यावरची दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध होती. हे विश्लेषण ग्राह्य धरले तर जबाबदारीची साखळी अशी होते: खातेदाराचा विश्वास बँकेवर, बँकेचा व्हेंडरवर, व्हेंडरचा सहयोगी कंपनीवर, आणि त्या कंपनीच्या एका सर्व्हरवर सहा महिन्यांपूर्वीची दुरुस्ती बसलेली नाही. शेवटच्या कडीचे नाव बँकेच्या करारात सहसा नसतेच, त्यामुळे तिची तपासणी करण्याचा प्रश्नच येत नाही.

परदेशातील एक प्रकरण ही साखळी आणखी जवळून दाखविते. कसेया या अमेरिकी कंपनीचे व्हीएसए नावाचे सॉफ्टवेअर सेवा पुरवठादार आपल्या ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळण्यासाठी वापरत. नवे सॉफ्टवेअर बसविणे, दुरुस्त्या चढविणे, बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे ही कामे करायची असल्याने ग्राहकाच्या प्रत्येक संगणकावरील व्हीएसएच्या प्रोग्रॅमला सर्वोच्च अधिकार असत. २ जुलै २०२१ रोजी, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीआधीच्या शुक्रवारी, रेव्हिल या टोळीने त्यातील त्रुटीचा फायदा घेऊन सेवा पुरवठादारांच्या सर्व्हरवरून ग्राहकांकडे एक ‘तातडीची दुरुस्ती’ धाडली. ती ज्या फोल्डरमध्ये उतरली तो फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावा अशी सूचना सॉफ्टवेअर बनविणाऱ्या कंपनीच्याच मार्गदर्शक पत्रकात होती, कारण एरवी नेहमीच्या कामात अडथळा येई. पहिल्या आज्ञेने विंडोजचे अंगभूत संरक्षण बंद झाले, प्रमाणपत्रासारखी दिसणारी एक फाइल उलगडून तिचा प्रोग्रॅम बनला आणि मायक्रोसॉफ्टच्याच संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका जुन्या आवृत्तीच्या आडून तो चालविला गेला. थेट बाधित झालेले कसेयाचे ग्राहक साठच्या आत होते. परंतु त्यांतील बहुतेक स्वतः सेवा पुरवठादार असल्याने त्यांच्यामार्फत बाधित झालेल्या व्यवसायांची संख्या कंपनीच्या अंदाजाने १,५०० पर्यंत गेली. स्वीडनमधील कोऑप या किराणा साखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, आणि गंमत अशी की कोऑप कसेयाची ग्राहक नव्हतीच; तिच्या बिलिंग यंत्रांची देखभाल करणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती. टोळीने सर्वांची मिळून ७ कोटी डॉलरची खंडणी मागितली. नेदरलँड्समधील संशोधकांनी ही त्रुटी एप्रिलमध्येच कळविली होती आणि दुरुस्तीचे काम चालू होते, एवढे इथे नोंदवायला हवे, कारण हलगर्जी नसतानाही वेळ हातून जाऊ शकतो.

खंडणी हाच हेतू असतो असेही नाही. एपीटी-१० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी हेर गटाने सेवा पुरवठादारांच्या जाळ्यांत शिरून त्यांच्या ग्राहकांची माहिती अनेक वर्षे चोरल्याचा आरोप अमेरिकेने डिसेंबर २०१८ मध्ये ठेवला, आणि ज्या किमान बारा देशांतील ग्राहक बाधित झाल्याचे आरोपपत्रात म्हटले आहे त्यांत भारताचे नाव आहे.

सहकारी बँकांना सुरक्षिततेची शिस्त नवी नाही. तिजोरीच्या खोलीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असतात. एक रजेवर गेला तर किल्लीच्या नोंदवहीत सही होऊनच ती दुसऱ्याकडे जाते. जोडसंच दुसरीकडे ठेवलेला असतो आणि तपासणीला आलेला अधिकारी ती नोंदवही हटकून मागतो. याच बँकेच्या सर्व्हरवर व्हेंडरच्या सपोर्ट विभागाचा प्रवेश मात्र वर्षानुवर्षे कायमचा उघडा असतो, आणि त्याची नोंदवही नसते. ‘ॲडमिन’ किंवा ‘सपोर्ट’ नावाचे एकच खाते सहा-सात अभियंते वापरतात, त्याचा पासवर्ड दुसऱ्या बँकांतही तोच असू शकतो, नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्यालाही तो ठाऊक असतो. रात्री दिवसअखेरची प्रक्रिया अडकली की शाखेतील लेखनिक दूरनियंत्रणाचे फुकट मिळणारे एखादे सॉफ्टवेअर उघडून पडद्यावरचा आकडा फोनवर वाचून दाखवतो, आणि पलीकडचा माणूस खरोखर व्हेंडरचाच आहे का, हे पडताळण्याची रीत ठरलेली नसते. लाखभराची रोकड मोजताना दोन माणसे लागतात आणि सगळ्या ठेवींच्या नोंदी बदलू शकणाऱ्या प्रवेशाला एकही साक्षीदार लागत नाही, ही विसंगती तांत्रिक नाही. ती प्रशासनाची आहे, म्हणून ती संचालक मंडळाच्या अखत्यारीत येते.

या विसंगतीवरचा उपायही ओळखीचाच आहे. प्रत्येक अभियंत्याचे स्वतंत्र खाते, पासवर्डबरोबर दुसऱ्या मार्गाने ओळखपडताळणी, बँकेच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्यावर ठराविक तासांपुरताच उघडणारा प्रवेश आणि त्या वेळात पडद्यावर काय केले गेले याची जतन केलेली नोंद, एवढे केले की संयुक्त ताब्याचे तत्त्व संगणकावर आले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सायबर सुरक्षा यंत्रणांनी मे २०२२ मध्ये सेवा पुरवठादार आणि त्यांच्या ग्राहकांसाठी जी संयुक्त सूचना काढली तिचा रोखही याच दिशेने आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो, हेही पाहणे आवश्यक आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात एटीएम स्विचच्या जागी बनावट स्विच उभे राहिले, मंजुऱ्या तेच देऊ लागले, विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचलीच नाही आणि दोन दिवसांच्या कारवाईत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएम स्विच पुरविणाऱ्या कंपन्यांसाठी सुरक्षा नियंत्रणे ठरविली. परंतु ती अमलात आणायची ती बँकेने त्या कंपनीशी केलेल्या करारातून. म्हणजे नियामकाचा हात व्हेंडरपर्यंत पोचतो तो बव्हंशी बँकेच्या सहीच्या वाटेने. अमेरिकेत १९६२ च्या कायद्यापासून बँकांच्या सेवा कंपन्यांची थेट तपासणी करण्याचा अधिकार नियामकांना आहे आणि युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून महत्त्वाच्या तंत्रज्ञान पुरवठादारांवर थेट देखरेखीची व्यवस्था लागू झाली आहे. भारतात भार कराराच्या मसुद्यावर आहे. त्यातही माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेर देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी जे सविस्तर निर्देश काढले आणि जे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, ते नागरी सहकारी बँकांपैकी फक्त तिसऱ्या आणि चौथ्या स्तराच्या, म्हणजे ढोबळमानाने १,००० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना लागू केले गेले. त्याखालच्या दोन्ही स्तरांतील बँका आणि प्रादेशिक ग्रामीण बँका बाहेर राहिल्या. लहान बँकांवर अनुपालनाचा बोजा नको, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. तरीही जुलै २०२४ मध्ये ज्यांचे व्यवहार थांबले त्या प्रामुख्याने याच प्रकारच्या बँका होत्या, आणि सवलत मिळाली म्हणून जोखीम कमी झाली असे समजणे हा भ्रम ठरेल.

जबाबदारी मात्र सर्वांवर सारखीच आहे. बँकेच्या बाजूच्या त्रुटीमुळे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला तर ग्राहकाचे दायित्व शून्य, हे सहकारी बँकांबाबत डिसेंबर २०१७ पासून स्पष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरविणारी संस्था उत्तरदायी मानली आहे, आणि तिच्या वतीने माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीच्या हातून चूक झाली तरी उत्तर द्यायचे ते त्या संस्थेनेच. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. अशा वेळी ‘घटनेची माहिती दोन कामकाजाच्या दिवसांत दिली जाईल’ असे कलम असलेल्या करारावर सही करणारी बँक स्वतःचाच कायदेभंग आधी लिहून देत असते.

पुरवठादारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण सगळे खापर त्यांच्या माथी फोडणे सोपे आणि निरुपयोगी आहे. निविदा उघडताना सर्वांत कमी दराला काम देण्याची सवय बँकांनीच लावली आहे, आणि त्या दरात पहाऱ्याचा खर्च बसत नाही. मुदत संपलेली विंडोज चालविणारे शाखेतील संगणक बदलावेत, असे व्हेंडरने तीनदा लिहून कळविल्यावर ‘पुढच्या अर्थसंकल्पात पाहू’ असे उत्तर देणारी बँकच नंतर हल्ल्याचा जाब विचारते. दुरुस्ती चढविण्यासाठी रविवारी दोन तास सेवा बंद ठेवण्याची परवानगी मागितली तर ग्राहकांच्या तक्रारींच्या भीतीने ती पुढे ढकलली जाते. एका अभियंत्यावर वीस-पंचवीस ग्राहक, प्रत्येकाची मांडणी निराळी, आणि रोज येणाऱ्या शेकडो इशाऱ्यांतून खरा कोणता हे ओळखण्याचे काम, अशा स्थितीत चांगली माणसे त्या नोकरीत टिकत नाहीत. सुरक्षिततेचे दर स्वतंत्रपणे विचारून ते मोजण्याची तयारी संचालक मंडळांनी दाखविली नाही, तर कराराची भाषा कितीही कडक केली तरी ती कागदावरच राहील.

करारांत एक कलम मात्र मुद्दाम वाचण्यासारखे असते, आणि ते बहुधा शेवटच्या पानांवर असते: नुकसानभरपाईची कमाल मर्यादा. ती बहुतेकदा एका वर्षाच्या शुल्काइतकी किंवा त्याहून कमी असते. वर्षाला काही लाखांचे शुल्क आणि शेकडो कोटींच्या ठेवी यांतील अंतर कोणी भरायचे, याचे उत्तर करारात नसते. त्याच पानांवर उपकंत्राटदारांची नावे, त्यांच्या तपासणीचा हक्क आणि करार संपल्यावर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, हेही असायला हवे. व्हेंडर बदलणे अशक्य झालेली बँक वाटाघाटी करूच शकत नाही.

राखीव प्रतींविषयीही एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. रॅन्समवेअर चालविणाऱ्या टोळ्या माहिती कुलूपबंद करण्याआधी राखीव प्रती शोधून नष्ट करतात, त्यामुळे मूळ सर्व्हरच्याच जाळ्यात आणि त्याच ॲडमिन पासवर्डखाली ठेवलेली प्रत ऐन वेळी कामी येत नाही. किमान एक प्रत अशी असावी की ती ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही, व्हेंडरलाही, पुसता किंवा बदलता येणार नाही. आपत्कालीन केंद्राच्या सरावाबाबतही तेच. एखाद्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास जोडणी फिरवून ‘सराव यशस्वी’ असा अहवाल फाइलला लावणे वेगळे, आणि कामकाजाचा पूर्ण दिवस, दिवसअखेरच्या प्रक्रियेसह, त्या केंद्रावरून काढणे वेगळे. पेमेंट जोडणी तुटल्यास शाखेत रोख व्यवहार कोणत्या मर्यादेपर्यंत आणि कोणत्या छापील शिल्लक यादीवरून करायचे, हे तर फार थोड्या शाखाधिकाऱ्यांना सांगता येईल.

हे सारे एकट्यादुकट्या बँकेला जमणारे नाही, ही हरकत खरी आहे. वीस शाखांच्या बँकेने मोठ्या व्हेंडरला डेटा सेंटरची तपासणी करू द्या म्हटले तर सौजन्याने एक प्रमाणपत्र पाठविले जाते आणि विषय संपतो. परंतु देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतील अनेकींचे व्हेंडर तेच ते आहेत. एकाच व्हेंडरच्या तीस-चाळीस ग्राहक बँकांनी एकत्र येऊन एक स्वतंत्र तपासनीस नेमला, त्याचा खर्च वाटून घेतला, अहवाल सर्वांनी वाचला आणि करारातील पाच-सहा कलमांचा एकच मसुदा सर्वांनी धरून ठेवला, तर त्या व्हेंडरला नकार देणे परवडणार नाही. खरेदी-विक्री संघापासून साखर कारखान्यापर्यंत ज्या राज्याने लहान माणसांची सौदाशक्ती एकत्र बांधली, तिथल्या बँकांनी आपल्या सर्वांत मोठ्या खरेदीत एकेकट्याने उभे राहावे हे विचित्र आहे. राज्यातील बँकांचे फेडरेशन यात पुढाकार घेऊ शकते. मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झालेली नागरी सहकारी बँकांची शिखर संस्था, एनयूसीएफडीसी, हिच्या उद्दिष्टांतही लहान बँकांना तंत्रज्ञानाचे पाठबळ देणे आहे. मात्र सर्व बँकांची यंत्रणा एकाच छत्राखाली आणल्यास चांगल्या पहाऱ्याबरोबर एकवटलेल्या धोक्याचे प्रमाणही वाढेल, आणि जुलै २०२४ च्या तीनशे बँकांच्या जागी उद्या हजार असतील, याचा विचार त्या संस्थेच्या रचनेतच व्हावा. पतसंस्थांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची सायबर चौकट लागूच नाही. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

तूर्त या पत्राद्वारे एकच मागणी आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जो अहवाल ठेवला जाईल त्यात लेखापरीक्षणाच्या वर्गाशेजारी चार नोंदी छापाव्यात: बँकेच्या कोणत्या प्रणाली बाहेरून चालविल्या जातात आणि त्यांमागे कोणकोणते उपकंत्राटदार आहेत, व्हेंडरकडे बँकेच्या यंत्रणेत शिरण्याची किती खाती आहेत आणि त्यांचा आढावा शेवटचा कधी घेतला, आपत्कालीन केंद्रावरून पूर्ण दिवसाचे कामकाज कोणत्या तारखेला झाले, आणि करारातील नुकसानभरपाईची मर्यादा किती रुपये आहे. सुरक्षेला बाध येईल असा तपशील यांत काहीही नाही, उपकंत्राटदारांची नावे उघड करणे अडचणीचे वाटल्यास संख्या दिली तरी चालेल. ज्या बँकेला या चार नोंदी भरण्यासाठी व्हेंडरकडे विचारणा करावी लागेल, तिच्या संचालकांनी ती विचारणा सभेची नोटीस निघण्यापूर्वीच लेखी करावी आणि आलेले उत्तर मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावे.

कळावे.